नर्मदाखोऱ्यातील स्त्रिया आणि न्यायाचा हिशेब

दीक्षितपुरा ही जबलपूर शहराच्या जुन्या भागातील एक वस्ती होय. या शहराचे मराठी मुलखाशी जुने नाते आहे. गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ साली सागरच्या मराठी अंमलाखाली आले, १७९८ साली ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांनी जबलपूर घेतले. राज्ये बदलली, परंतु शहराजवळून वाहणारी नर्मदा मात्र पूर्वीप्रमाणेच अमरकंटकाहून निघून डिंडोरी व मंडला या गोंड आणि बैगा लोकांच्या प्रदेशातून जबलपूरकडे येत राहिली. शहराचे पाणी आणि आदिवासींचे रान यांचा संबंध येथे भूगोलानेच जोडून दिलेला आहे.

या प्रदेशाच्या इतिहासात पाण्याशी स्त्रीचे नावही जोडलेले आढळते. गोंड राज्याची राणी दुर्गावती हिने पतीच्या मृत्यूनंतर १५५० च्या सुमारास कारभार हाती घेतला आणि १५६४ साली मोगल सैन्याशी लढताना तिला मरण आले. जबलपुरातील राणीताल, चेरीताल आणि आधारताल या तीन तलावांची नावे परंपरेने अनुक्रमे राणी, तिची दासी आणि तिचा दिवाण यांच्याशी जोडली जातात. एका तलावाला राणीचे आणि दुसऱ्याला तिच्या दासीचे नाव असावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे विसाव्या शतकात पाण्याचा हिशेब सरकारी कागदावर मांडला जाऊ लागला, तेव्हा त्या कागदात शेतकऱ्याच्या बायकोला आणि मुलीला स्वतंत्र जागा राहिली नाही.

ही जागा मिळवण्यासाठी नर्मदाखोऱ्यातील व सातपुड्यातील स्त्रियांनी जे प्रयत्न केले, त्यांचा विचार प्रस्तुत प्रकरणात करावयाचा आहे. या प्रयत्नांत हवामान न्याय, आदिवासींचे हक्क आणि स्त्रियांचे हक्क असे तीन प्रश्न एकत्र आलेले दिसतात.

तीन संज्ञांचा अर्थ

प्रथम या संज्ञांचा अर्थ स्पष्ट करून घेणे इष्ट ठरेल. कोळसा व खनिज तेल जाळल्याने हवेत कर्बद्विप्राणिल वायू साठत जातो आणि पृथ्वीचे सरासरी तापमान वाढते, हे विज्ञानाने सिद्ध केले आहे. हे इंधन ज्यांनी अधिक जाळले त्यांनाच त्याचे परिणाम अधिक भोगावे लागतात, असे मात्र घडत नाही. अवेळी पाऊस, लांबलेला उन्हाळा आणि आटलेले झरे यांचा फटका ज्यांनी फार थोडे इंधन वापरले त्या कोरडवाहू शेतकऱ्यांना आणि वनवासी समाजांना प्रथम बसतो. हा भार न्यायाने वाटला जावा, ही मागणी म्हणजे हवामान न्याय. १९९२ साली संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक करारात सर्व देशांची जबाबदारी समान परंतु वेगवेगळ्या प्रमाणाची आहे, हे तत्त्व मान्य करण्यात आले. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत हवामान न्यायाचा, मूलनिवासी लोकांच्या हक्कांचा आणि स्त्री-पुरुष समतेचा असा तिन्हींचा उल्लेख आहे.

आदिवासींच्या हक्कांची मुख्य बाजू म्हणजे जमीन, जंगल व पाणी यांवरील सामूहिक अधिकार आणि त्यांबाबतचा कोणताही निर्णय घेण्यापूर्वी लोकांची संमती घेतली जाण्याचा अधिकार. १३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने मूलनिवासी लोकांच्या हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले.

स्त्रियांच्या हक्कांचा अर्थ वाचकांस परिचित आहे. तरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सामूहिक हक्क मिळाले म्हणजे त्यात स्त्रियांचा वाटा आपोआप येतो, असे मानण्याची चूक पुष्कळदा केली जाते. गावाला हक्क मिळूनही गावातील निम्म्या माणसांना तो न मिळणे सहज शक्य असते. पुढील उदाहरणांवरून हे दिसून येईल.

बरगी: पहिला हिशेब

नर्मदेच्या मुख्य प्रवाहावर बांधलेल्या मोठ्या धरणांच्या साखळीतील पहिले धरण जबलपूर जिल्ह्यातील बरगी हे होय. त्याचे काम १९७४ साली सुरू झाले आणि १९९० साली जलाशय पूर्ण भरण्यात आला. त्याला राणी अवंतीबाई सागर असे नाव आहे. धरणाच्या वीजगृहाची क्षमता ९० मेगावॉट आहे. जबलपूर, मंडला आणि सिवनी या तीन जिल्ह्यांतील १६२ गावांना या जलाशयाची झळ पोहोचली. बाधितांत गोंड कुटुंबांची संख्या मोठी होती.

त्या काळी भूसंपादन १८९४ च्या कायद्यानुसार होत असे. या कायद्याचा पाया साधा होता. ज्याच्या नावावर जमीन त्याला मोबदला, आणि तोही रोख. वरवर पाहता यात अन्याय दिसत नाही. परंतु गोंड कुटुंबाची उपजीविका केवळ नावावरच्या जमिनीवर चालत नव्हती. उन्हाळ्याच्या तोंडी मोहफुले वेचणे, त्यानंतर तेंदूपाने तोडणे, चारोळी गोळा करणे, जळण आणि चारा आणणे, नदीकाठच्या गाळात भाजीपाला व कडधान्य घेणे या कामांतून घरात धान्य आणि थोडा पैसा येई. ही कामे मुख्यतः स्त्रियांच्या हातची होती. त्यांची नोंद महसुलाच्या कोणत्याही दप्तरात नव्हती. त्यामुळे ती बुडाली तेव्हा बुडाल्याची नोंदही कोठे झाली नाही.

मोबदल्याची रक्कम घरातील पुरुषाच्या हाती पडे. रोख पैशाचा सराव नसलेल्या गावात ती किती दिवस टिकणार? जमिनीचे पैसे झाले आणि पैशाची जमीन होऊ शकली नाही, म्हणजे घरातील स्त्रीकडे मजुरीवाचून दुसरा मार्ग उरत नाही. बरगीच्या कित्येक विस्थापितांना जबलपूर शहरात मजुरीसाठी यावे लागले. दीक्षितपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीतील नागरिकाला हा माणूस बाजारात भेटतो, बांधकामावर दिसतो. तो कोणत्या बुडालेल्या गावचा आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

विस्थापितांनी संघटना उभारली आणि दीर्घकाळ लढा दिला. त्याचे एक फळ म्हणजे १९९४ साली जलाशयातील मासेमारीचा हक्क विस्थापितांच्याच सहकारी संघाला मिळाला. या संघात ५४ प्राथमिक संस्था होत्या. ज्या पाण्याने शेत घेतले त्या पाण्यातून पोटाला मिळावे, ही त्यामागील कल्पना होती. पुढे हा हक्क संघाकडे टिकला नाही. जलाशय ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीचा प्रश्नही असाच वारंवार उपस्थित होत राहिला.

दुसऱ्यांदा उठण्याची वेळ

बरगीच्या जलाशयाच्या काठी मंडला जिल्ह्यात चुटका नावाचे गाव आहे. येथे ७०० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या उभारण्याची योजना पुढे आली. अणुभट्टीला लागणारे पाणी बरगीच्या जलाशयातून घ्यावयाचे, अशी ही योजना होती. धरणामुळे एकदा उठलेल्या कुटुंबांना आता पुन्हा उठावे लागणार होते. २०१३ साली मे आणि जुलै महिन्यांत ठरलेली जनसुनावणी लोकांच्या विरोधामुळे दोनदा रद्द करावी लागली. अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये मोठ्या बंदोबस्तात ती घेण्यात आली. या विरोधात स्त्रिया मोठ्या संख्येने पुढे होत्या. २०१७ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने देशी बनावटीच्या दहा अणुभट्ट्यांना मान्यता दिली, त्यांत चुटक्याच्या दोन भट्ट्यांचा समावेश होता. २०२५ च्या अखेरपर्यंत तेथे वीजनिर्मिती सुरू झालेली नव्हती.

हवामान न्यायाच्या दृष्टीने चुटक्याचे उदाहरण विशेष विचार करण्याजोगे आहे. जलविद्युत आणि अणुविद्युत या दोन्हींत कोळसा जळत नाही. म्हणून तापमानवाढ रोखण्यासाठी त्यांचा पुरस्कार केला जातो आणि त्यात तथ्य आहे. परंतु कोळसा टाळण्याची किंमत कोणी द्यावयाची, हा प्रश्न त्याने सुटत नाही. ज्या गोंड स्त्रीच्या घरी विजेचा एखादाच दिवा असेल, तिने एकदा जलविद्युतेसाठी आणि दुसऱ्यांदा अणुविद्युतेसाठी घर सोडावे, आणि ज्या शहरांत पंखे, पाण्याचे पंप व वातानुकूलन यंत्रे चालतात त्यांनी काहीच सोडू नये, हा हिशेब न्यायाचा म्हणता येणार नाही. प्रदूषण करणारा श्रीमंत देश आणि त्याचे परिणाम भोगणारा गरीब देश यांच्यामधील विषमतेविषयी भारत जगापुढे बोलतो. तीच विषमता देशातील शहर आणि खेडे यांच्यामध्येही असते, याकडे चुटक्याच्या स्त्रियांनी लक्ष वेधले आहे.

सातपुड्याचा अनुभव

नर्मदा पश्चिमेकडे वाहत जाऊन महाराष्ट्राच्या सीमेला स्पर्श करते तो भाग सातपुड्याच्या डोंगररांगांचा आहे. पूर्वीच्या धुळे आणि १९९८ पासून नंदुरबार या जिल्ह्यातील भिल्ल व पावरा स्त्रियांचा अनुभव बरगीच्या अनुभवाला पूरक आहे.

शहादा तालुक्यात १९७१-७२ च्या सुमारास भूमिहीन झालेल्या भिल्लांनी आपल्या गेलेल्या जमिनी परत मिळवण्यासाठी चळवळ सुरू केली. अंबरसिंग महाराज हे तिचे नेते होते. १९७२ साली श्रमिक संघटना स्थापन झाली. त्या वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला होता आणि दुष्काळी कामांवर स्त्रिया मोठ्या संख्येने येत होत्या. जमीन आणि मजुरी यांच्या मागणीसाठी भरलेल्या शिबिरांत त्या बोलू लागल्या, तेव्हा त्यांनी दारूचा आणि नवऱ्याच्या मारहाणीचा प्रश्न मांडला. गावोगावी जाऊन स्त्रियांनी दारूची मडकी फोडली. मारहाण करणाऱ्या नवऱ्यांना गावापुढे जाब द्यावा लागला. जमिनीच्या चळवळीत घरातील भांडण कशाला आणता, अशी शंका घेणारे तेव्हाही होते. स्त्रियांचा युक्तिवाद सरळ होता. जमीन परत आली आणि तिचे उत्पन्न गुत्त्यात गेले, तर ती परत येऊन उपयोग काय?

या घटनेचे महत्त्व असे की, आदिवासींच्या हक्कांची चळवळ आणि स्त्रियांच्या हक्कांची चळवळ या येथे एकाच माणसांनी, एकाच वेळी चालवल्या. एक आधी आणि दुसरी नंतर, असा क्रम त्यांनी मानला नाही.

त्यानंतर दहा-बारा वर्षांनी याच जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडिताखाली येणार, हे स्पष्ट झाले. १९८५ साली मुंबईच्या मेधा पाटकर या खोऱ्यात आल्या. टाटा समाजविज्ञान संस्थेत त्यांनी समाजकार्याचे शिक्षण घेतले होते. गावोगाव पायी फिरताना त्यांना असे आढळले की, धरणाची उंची किती, पाणी कोठवर येणार आणि जमीन कोठे मिळणार, याची माहिती लोकांना कोणी दिलेलीच नव्हती. या प्रश्नांतूनच पुढे नर्मदा बचाव आंदोलन उभे राहिले. २८ सप्टेंबर १९८९ रोजी मध्य प्रदेशातील हरसूद येथे विराट मेळावा भरला. १९९१ पासून अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली या गावी पावसाळी सत्याग्रह सुरू झाले. घरात पाणी शिरले तरी घर न सोडण्याचा निर्धार करणाऱ्यांत स्त्रिया पुढे होत्या. जागतिक बँकेने नेमलेल्या स्वतंत्र समितीने १९९२ साली प्रकल्पातील पुनर्वसन व पर्यावरणविषयक उणिवांवर कठोर टीका केली आणि १९९३ च्या मार्चमध्ये भारत सरकारने बँकेचे उरलेले कर्ज न घेण्याचा निर्णय जाहीर केला.

याच काळात आंदोलनाने बुडीत गावांत जीवनशाळा काढल्या. ज्या गावांत सरकारी शाळा कागदावरच होती, तेथील मुलामुलींना त्यांच्या बोलीतून अक्षरओळख होऊ लागली. लढ्याच्या धामधुमीत शाळा काढण्याचे कारण उघड आहे. नोटीस वाचता येणे हाही हक्काचाच भाग असतो.

सज्ञान मुलगा आणि सज्ञान मुलगी

नर्मदेच्या पाण्याची राज्याराज्यांत वाटणी करण्यासाठी १९६९ साली नेमलेल्या लवादाने डिसेंबर १९७९ मध्ये अंतिम निवाडा दिला. पुनर्वसनाच्या बाबतीत हा निवाडा त्या काळाच्या मानाने पुढारलेला होता. ज्या कुटुंबाची पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन जाईल त्याला जमिनीच्या बदल्यात जमीन, आणि तीही किमान दोन हेक्टर, मिळावी असे त्यात म्हटले होते. रोख मोबदल्याच्या बरगीतील अनुभवाशी तुलना करता हे मोठेच पाऊल होय.

तथापि, कुटुंब कोणाला म्हणावे याची व्याख्या करताना लवादाने प्रत्येक सज्ञान मुलगा हे स्वतंत्र कुटुंब मानले. सज्ञान मुलीला असे स्थान दिले नाही. ती लग्न होऊन जाणार, असे गृहीत धरले गेले असावे. जी लग्न होऊन गेली नाही, जी नवऱ्याने टाकली म्हणून माहेरी परतली, जी विधवा झाली, तिला या हिशेबात स्वतःचे स्थान नव्हते. ती कोणाच्या तरी आश्रयाने मोजली गेली. डोंगरात पिढ्यान्पिढ्या कसलेली, परंतु वनखात्याच्या दप्तरी अतिक्रमण म्हणून लिहिलेली जमीनही प्रथम अशीच बाहेर राहिली.

यानंतर चौतीस वर्षांनी, २०१३ साली, १८९४ च्या कायद्याच्या जागी नवा भूसंपादन व पुनर्वसन कायदा संमत झाला. त्यात कुटुंबाच्या व्याख्येखाली स्पष्टीकरण आहे की, सज्ञान व्यक्ती, मग ती स्त्री असो वा पुरुष, स्वतंत्र कुटुंब मानली जाईल. विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रियाही स्वतंत्र कुटुंबे ठरल्या. १९७९ चा ‘सज्ञान मुलगा’ आणि २०१३ ची ‘सज्ञान स्त्री वा पुरुष’ यांच्यामधील अंतर काही शब्दांचे आहे. परंतु तेवढ्या शब्दांसाठी देशातील अनेक चळवळींना मोर्चे काढावे लागले, न्यायालयांत जावे लागले आणि तुरुंगही सोसावा लागला. आणि कायद्यात आलेला शब्द प्रत्यक्षात येतोच असे नाही. मध्य प्रदेशातील सरदार सरोवरबाधितांच्या पुनर्वसनात बनावट जमीनखरेदीच्या तक्रारी झाल्या, तेव्हा जबलपूर येथे मुख्य पीठ असलेल्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाला २००८ साली न्यायमूर्ती श्रवण शंकर झा यांचा चौकशी आयोग नेमावा लागला होता.

परंपरा आणि स्त्री

या विषयाचा आणखी एक नाजूक भाग आहे. तो टाळला तर विवेचन अपुरे राहील. आदिवासींच्या हक्कांत त्यांच्या रूढींचा मान राखणे अंतर्भूत आहे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही आणि त्यांचा वारसा रूढीनुसार ठरतो. अनेक जमातींत मुलीला जमिनीचा वारसा मिळत नाही, असे रूढी सांगते किंवा रूढीच्या नावाने सांगितले जाते. मग आदिवासींचे हक्क जपावेत की आदिवासी स्त्रीचे?

हा प्रश्न न्यायालयापुढे वारंवार आला. १९९६ साली बिहारमधील स्त्रियांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रूढी सरसकट रद्द करण्याचे नाकारले, मात्र उपजीविकेसाठी जमिनीवर अवलंबून असलेल्या स्त्रियांना संरक्षण दिले. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात याच न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. मुलीला वारसा नाकारणारी रूढी सिद्ध झालेली नसताना केवळ ती स्त्री आहे म्हणून तिला वगळणे संविधानातील समतेच्या तत्त्वाशी विसंगत आहे, असा हा निर्णय होता.

बिगर-आदिवासी समाजाने मात्र या बाबतीत आदिवासींना उपदेश करण्याचे कारण नाही. शेतकरी समाजातही सातबाऱ्यावर बायकोचे नाव विरळाच असे. म्हणूनच चांदवड येथे १९८६ साली शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरल्यानंतर शेतकरी संघटनेला, पतीने पत्नीच्या नावे जमीन करून द्यावी, यासाठी ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम हाती घ्यावा लागला.

या दृष्टीने २००६ चा वनहक्क कायदा महत्त्वाचा ठरतो. वनजमिनीचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे देण्याची तरतूद या कायद्यातच आहे. दावे तपासणाऱ्या ग्रामसभेत उपस्थित असलेल्यांपैकी किमान एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे त्याखालील नियम सांगतात. समाजाचा हक्क आणि स्त्रीचा हक्क हे परस्परविरोधी नसून एकाच कागदावर नांदू शकतात, हे या तरतुदींनी दाखवून दिले. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. डिंडोरी जिल्ह्यातील बैगाचक भागात तर सात बैगा गावांच्या वसतिस्थान-हक्कांना मान्यता मिळाली. असा हक्क मान्य होण्याची देशातील ही पहिली घटना होती.

बियाणे आणि रान

आतापर्यंत विरोधाचा विचार केला. परंतु या स्त्रियांचे कार्य विरोधापुरते मर्यादित नाही. डिंडोरी जिल्ह्यातील पोंडी गावच्या उजियारोबाई या बैगा स्त्रीने गावातील स्त्रियांना एकत्र करून रानाची तोड थांबवण्याचे काम केले. रान टिकले तर झरा टिकतो, हे त्यामागील अनुभवाचे सूत्र होय. त्याच जिल्ह्यातील लहरीबाई या बैगा तरुणीने कोदो, कुटकी यांसारख्या भरडधान्यांची विविध वाणे घरात जपून ठेवली आणि २०२३ या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात तिचे नाव देशभर पोहोचले. महाराष्ट्रात अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे या महादेव कोळी समाजातील शेतकरी स्त्रीने गावरान बियाण्यांची बँक उभारली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेत जाण्याची संधी त्यांना मिळाली नव्हती.

हवामान बदलाशी या कार्याचा संबंध प्रत्यक्ष आहे. पाऊस लांबला किंवा मध्येच उघडीप पडली, तर एकाच संकरित वाणावर अवलंबून असलेले शेत पूर्ण जाते. निरनिराळ्या मुदतीची आणि ताण सोसणारी वाणे घरात असली, तर काही तरी हाती लागते. बियाणे निवडणे, राखेत वा मातीच्या उतरंडीत साठवणे आणि शेजारणीला उसने देणे ही कामे पिढ्यान्पिढ्या स्त्रियांकडे होती. त्या कामाला कृषिज्ञान म्हणून मान्यता मिळण्यास मात्र विलंब लागला.

दुसरी बाजू

निष्पक्ष विचार करावयाचा तर धरणांच्या समर्थकांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. सौराष्ट्र व कच्छ या दुष्काळी भागांना नर्मदेचे पाणी मिळाले, ही लहान गोष्ट नव्हे. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सरदार सरोवराचे काम पुढे चालू ठेवण्यास परवानगी दिली. विस्थापन झाले म्हणजे हक्कांचा भंग झालाच, असे बहुमताने मानले नाही. न्यायमूर्ती भरुचा यांनी मात्र भिन्न मत नोंदवून पर्यावरणविषयक परवानगीच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. १७ सप्टेंबर २०१७ रोजी १३८.६८ मीटर उंचीचे हे धरण राष्ट्राला अर्पण करण्यात आले. धरण थांबवणे हे आंदोलनाचे उद्दिष्ट मानले तर ते साध्य झाले नाही, हे मान्य केले पाहिजे.

परंतु हिशेब येथेच मिटवता येत नाही. आपल्याला विचारले जावे आणि आपल्याला मोजले जावे, या मागण्या स्त्रियांनी धरले त्या वेळी देशातील पुनर्वसनाचे कायदे त्यांना उत्तर देण्यास असमर्थ होते. आज निदान कायद्याच्या पुस्तकात तरी त्यांना उत्तर आहे. धरणाचा लाभ खरा असेल, तर त्या लाभातून विस्थापितांचे देणे फेडणे अशक्य नसावे. ते फिटलेले नसेल, तर लाभाचा आकडा फुगवलेला आहे असेच म्हणावे लागेल. कारण खर्चाची एक बाजू त्यात धरलेलीच नसते.

इतर देशांतील साम्य

हा अनुभव केवळ नर्मदाखोऱ्याचा नाही. उत्तराखंडातील रेणी गावात २६ मार्च १९७४ रोजी गौरादेवी आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी ठेकेदाराच्या माणसांना झाडे तोडू दिली नाहीत. गावातील पुरुष त्या दिवशी बाहेर होते. मध्य अमेरिकेतील होंडुरास देशात लेंका जमातीच्या बेर्ता कासेरेस यांनी ग्वालकार्के नदीवरील धरणाला विरोध केला. जमातीची संमती घेतली गेली नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. २०१५ साली त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला आणि २०१६ च्या मार्चमध्ये त्यांची राहत्या घरी हत्या झाली. हाच पुरस्कार १९९२ साली मेधा पाटकर यांना मिळाला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक भेदभाव निर्मूलन समितीने मूलनिवासी स्त्रिया व मुली यांच्या हक्कांविषयी स्वतंत्र शिफारस प्रसिद्ध केली. जमात म्हणून होणारा अन्याय आणि स्त्री म्हणून होणारा अन्याय हे एकाच व्यक्तीवर एकत्र येतात आणि त्यांचा विचारही एकत्र झाला पाहिजे, असे त्या शिफारशीचे सार आहे. शहाद्याच्या भिल्ल स्त्रियांनी पन्नास वर्षांपूर्वी दारूची मडकी फोडताना हेच सांगितले होते.

उपसंहार

वरील विवेचनातून वाचकाच्या हाती एक कसोटी लागते. धरण असो, अणुभट्टी असो किंवा उद्याचा सौरऊर्जेचा प्रकल्प असो, त्याविषयी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. ज्यांची जमीन व रान जाणार त्यांची संमती काम सुरू होण्यापूर्वी घेतली गेली काय? ती देणाऱ्यांत स्त्रिया होत्या काय? आणि जे बुडाले त्याच्या यादीत नावावर नसलेले, परंतु पोट भरणारे सर्व काही धरले गेले काय? सौरऊर्जेच्या प्रकल्पालाही विस्तीर्ण जमीन लागते आणि नोंदीत पडीक म्हणून लिहिलेल्या माळावर कोणाची तरी शेळी चरत असते, कोणी तरी सरपण वेचत असते. इंधन बदलले म्हणून हे प्रश्न बदलत नाहीत.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर प्रकल्पाला विरोध करण्यास फारसे कारण उरणार नाही. ती नकारार्थी असतील, तर वीज कितीही स्वच्छ असली तरी तिच्या हिशेबात एक थकबाकी राहते. ती थकबाकी कोणाची आहे, हे बरगीच्या जलाशयाकाठी मोहफुले वेचणाऱ्या स्त्रीला ठाऊक आहे. वीज वापरणाऱ्यांनाही ते ठाऊक असले पाहिजे.